दोन चाव्या

घड्याळजींनी पांढऱ्या कागदावर मनगटी घड्याळाच्या दोन चाव्या ठेवल्या आणि डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. एक गोल, बारीक दात्यांची. दाते झिजून बोटाला जवळजवळ मऊ लागणारी. ती काकांच्या घड्याळातून नुकतीच काढलेली. दुसरी दहा सरळ कडांची, डोक्यावर ओमेगा या स्विस कंपनीचं चिन्ह असलेली, कुठल्याशा जुन्या डबीतून शोधून आणलेली. "ही गोल मूळची नाही," चिमट्याचं टोक तिच्याकडे वळवत ते म्हणाले, "मधे कधीतरी बसवलेली आहे. कारखान्यातून निघालं तेव्हा याला अशी दहा कडांची चावी होती. कुठली बसवू, ताई?" बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मी भराभर दिली होती. पट्टा नवा टाका, काच शक्य असेल तर तीच ठेवा, तबकडीला हात लावू नका. इथे मात्र तोंडातून शब्द निघेना. विचार करून सांगते म्हणाले आणि उठले.

एवढ्याशा धातूच्या तुकड्याने असा पेच घालायचं कारण म्हणजे काकांचं घड्याळ म्हटलं की मला घड्याळ नंतर आठवतं. आधी आठवतो तो त्यांचा अंगठा आणि तर्जनी, आणि त्या दोन बोटांत धरलेली ती गोल चावी. कपाटाच्या वरच्या खणात, पिवळ्या मऊ फडक्यात ते गुंडाळलेलं असे. अधूनमधून काका ते बाहेर काढत, खिडकीपाशी उभे राहत आणि चावी देत. घाई नाही, जोर नाही. करर्र, थांबा, करर्र. मग कानाशी धरत, आणि आम्हा मुलांपैकी जो जवळ असेल त्याच्या कानाशीही. रेडिओवर बातम्यांच्या आधीचे टोले पडायला लागले की शेवटच्या टोल्यावर चावी आत दाबून वेळ लावत. एवढं सगळं करून घड्याळ पुन्हा फडक्यात जाई. त्यांच्या मनगटावर असायचं ते वेगळंच, काळ्या पट्ट्याचं, सेलवर चालणारं घड्याळ. म्हणून घरात सगळे म्हणत, की काकांनी ओमेगा कधी अंगाला लावलंच नाही, नुसतं जपून ठेवलं. मीही तेच समजत आले.

काका गेल्यानंतर काही महिन्यांनी काकूने ते फडक्यासकट माझ्या हातात ठेवलं. तेव्हा ते बंद होतं. हलवलं की आतून काहीतरी घासल्यासारखा खरखरीत आवाज येई आणि सेकंदकाटा दोन-चार पावलं टाकून थांबे. वारशाने आलेलं घड्याळ हातात पडलं की पहिला मोह होतो तो ते हलवून, चावी पिळून चालतं का बघण्याचा. तो मोह आवरावा. आतलं तेल सुकलेलं असतं, आणि सुकलेल्या तेलात फिरणारं प्रत्येक चाक स्वतःलाच खात असतं. मी ते तसंच बंद ठेवलं आणि आधी ते नेमकं आहे तरी काय, हे शोधायला बसले.

घड्याळ ओळखणं हे काम वरवर पाहून होत नाही. तबकडीवरचं नाव सगळ्यात शेवटी विश्वासाचं, कारण नाव छापणं सगळ्यात सोपं. खरी ओळख पाठीच्या झाकणाच्या आत आणि मशीनवर असते. काही रोलेक्समध्ये पट्टा काढल्यावर, पट्टा जिथे अडकतो त्या दोन शिंगांच्या मधे आकडे दिसतात: बाराच्या बाजूला मॉडेलचा, सहाच्या बाजूला त्या एका घड्याळाचा. सोन्याची स्विस केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, असेल तर भिंगाखाली इवलासा शिक्का शोधायचा. हेल्वेशियाचा, म्हणजे स्वित्झर्लंडच्या प्रतीकरूप स्त्रीचा चेहरा असेल तर अठरा कॅरट, खार असेल तर चौदा. लाँजीनसारख्या कंपनीकडे १८६७ पासूनच्या हाताने लिहिलेल्या वह्या आहेत. मशीनवरचा नंबर कळवला तर ते घड्याळ कधी आणि कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झालं, ते त्या वह्यांतून सांगता येतं. काकांच्या घड्याळाचं झाकण उघडलं तेव्हा आत १६७.००५ असा आकडा होता आणि मशीनवर ५५१. मशीनचा रंग तांब्याचा, गुलाबीकडे झुकणारा. त्या काळच्या ओमेगा मशीनचा हा रंग एकदा पाहिला की विसरत नाही. पुलावर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, बारीक अक्षरांत चोवीस ज्वेल (चाकांच्या टोकांखालची माणकं) आणि पाच स्थितींत व तापमानात जुळवल्याचं कोरलेलं. शेजारी वेग कमी-जास्त करायची ती हंसाच्या मानेसारखी वळलेली पोलादी स्प्रिंग. आठ आकडी नंबर दोन कोटींच्या थोडा पुढचा, म्हणजे साधारण १९६३-६४ चा माल. ओमेगा कॉन्स्टेलेशन. स्टीलची केस, ऑटोमॅटिक, तारखेशिवाय.

कॉन्स्टेलेशन १९५२ मध्ये आलं आणि ओमेगाने आपली सगळी हुशारी त्यात ओतली. त्या काळच्या बऱ्याच कॉन्स्टेलेशनची तबकडी सपाट नसते. मध्यभागी एक चपटा गोल आणि तिथून काठाकडे बारा पैलूंनी उतरत गेलेला उतार. पालथी घातलेली थाळी वरून पाहावी तसा. उजेड बदलला की एक पैलू उजळतो, शेजारचा विझतो. सहाच्या वर एक छोटा तारा बसवलेला. तबकडी मूळची आहे की नंतर पुन्हा रंगवून घेतलेली, हे ओळखायला संग्राहक एक सुरेख खूण वापरतात. तबकडीवर तीन ओळी असतात: ऑटोमॅटिक, क्रोनोमीटर, ऑफिशियली सर्टिफाइड. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्या ओळीचा मधला एम, दुसऱ्या ओळीचा मधला ओ आणि तिसऱ्या ओळीतल्या पहिल्या शब्दाचा शेवटचा वाय ही तीन अक्षरं बरोबर एका उभ्या रेषेत यायला हवीत. पुन्हा रंगवणाऱ्याच्या हातून ही रेषा बहुतेक वेळा सुटते. अक्षरं जाड होतात, पैलूंच्या धारा रंगाखाली बुजतात. मी भिंग लावून ती रेषा बघितली. एम, ओ, वाय, खाली तारा. सरळ. एखाद्याच्या जुन्या सहीशी नवी सही ताडून बघताना छातीत होतं तसं काहीतरी झालं, आणि मी बराच वेळ त्या तीन अक्षरांकडे बघत राहिले.

तबकडी मूळची होती, पण डागाळलेली. तीनच्या आसपास, चावीच्या बाजूला, तपकिरी ठिपक्यांचा एक पुंजका. तिथून तो दोनकडे आणि चारकडे विरळ होत गेलेला. बाकीची तबकडी रुपेरीची साय झाली होती. एकसारखी, ऊबदार, बघायला सुंदर. ठिपके सुंदर नव्हते. जुन्या घड्याळांच्या जगात प्रत्येक डागाला प्रेमाने गोंजारायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. सगळ्या तबकडीवर सावकाश उतरलेला रंग वेगळा आणि ओल शिरून पडलेले डाग वेगळे. एक वयाने आलेला, दुसरी इजा.

मग घड्याळ पालथं केलं. कॉन्स्टेलेशनच्या पाठीवर एक सोनेरी पदक असतं: घुमटाची वेधशाळा आणि वर आकाशात आठ तारे. त्या काळी वेधशाळांमध्ये घड्याळांच्या अचूकपणाच्या स्पर्धा होत. इंग्लंडमधल्या क्यू-टेडिंग्टन इथे १९३३ आणि १९३६ साली ओमेगाने विक्रम केले, आणि पाठीवरचे तारे त्या आणि तसल्या यशाचे. जपून ठेवलेल्या घड्याळाचं पदक बघितलं तर घुमटाच्या फटी मोजता येतात, ताऱ्यांची टोकं टोचतात. आमच्या घड्याळाचा घुमट म्हणजे एक गुळगुळीत उंचवटा उरला होता. तारे होते, पण बोट फिरवल्यावर लागत नव्हते. असं पदक खणात राहून झिजत नाही. ते झिजतं मनगटाच्या कातडीवर, घामाने, वर्षानुवर्षं. घड्याळजींनी आणखी एक गोष्ट दाखवली. झाकणाच्या आतल्या बाजूला कमानीच्या आकाराचा एक चरा होता. ऑटोमॅटिक घड्याळात हात हलला की एक जड अर्धगोल पाळं फिरतं आणि त्याने स्प्रिंग आपोआप भरते. या पाळ्याचा आस झिजला की पाळं डुगडुगतं आणि झाकणाला घासायला लागतं. हलवल्यावर येणारी खरखर ती हीच. आणि आस झिजायला हात हलावा लागतो.

म्हणजे काकांनी हे घड्याळ घातलं होतं. भरपूर घातलं होतं.

काकूला विचारलं तेव्हा ती माझ्याकडे नवलाने बघायला लागली. "अगं, घालत नव्हते कोण म्हणालं? मी या घरात आले तेव्हा रोज हातात असायचं. झोपतानाच काय ते काढायचे." मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. घड्याळ काकांनी विकत घेतलेलं नव्हतंच. त्यांच्या पहिल्या नोकरीतले साहेब निवृत्त झाले, १९७१ साली, तेव्हा निरोपाच्या दिवशी त्यांनी ते स्वतःच्या मनगटावरून काढून काकांना दिलं. इतकी माणसं हाताखाली असताना काकांनाच का, ते काकूला नीट ठाऊक नाही. एकदा हिशेबातली एक मोठी गफलत काकांनी वेळेवर दाखवली आणि ती साहेबांच्या अंगावर येता येता राहिली, असं काहीतरी ती सांगते, पण त्यासाठीच दिलं का, हे काका कधी बोलले नाहीत. पुढे किती तरी वर्षं ते हातात होतं. "मग काढून का ठेवलं?" मी विचारलं. "मागे पडायला लागलं," काकू म्हणाली. "आधी पाच मिनिटं, मग दहा. ह्यांना उशीर झालेला खपायचा नाही, तुला माहितीच आहे. दोन जागी दाखवलं, ते म्हणाले आता असल्याचे भाग मिळत नाहीत. मग ते सेलचं आणलं."

हे ऐकून मला काय वाटलं ते धड सांगता येत नाही. थोडं हसू आलं, कारण काका तसेच होते. प्रेम आणि वक्तशीरपणा यांत निवड करायची वेळ आली तर घड्याळ खणात ठेवतील पण पोचतील वेळेवर. आणि थोडं वाईट वाटलं, कारण घड्याळ मागे पडत होतं ते बहुतेक सुकलेल्या तेलामुळे आणि त्या एका झिजलेल्या आसामुळे. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सैकोने पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर स्फटिकाने चालणारं, मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जगभरच्या मनगटांवरून अशी कितीतरी घड्याळं उतरली. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. काकांच्या ओमेगाचं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे डोलून वेग राखणारं चाक, सेकंदाला साडेपाच ठोके देतं. अचूकपणात या दोघांची बरोबरी होण्यासारखी नव्हती. तरी वर्षानुवर्षं ते खिडकीपाशी उभं राहून चावी देत राहिले. ऑटोमॅटिक घड्याळ, जे हातात असतं तर चावीची गरजच पडली नसती, त्याला बोटांनी चावी देत राहिले. लहानपणी मी बघितलं ते जपणं नव्हतं, आता कळतं. एके काळी हात जे काम चालता-बोलता करायचा ते काम ते बोटांनी पुरं करत होते.

झाकणाच्या आत आणखी काही होतं. सुईने ओरखडलेले, भिंगाशिवाय न दिसणारे आकडे. सर्व्हिसिंग करणारे बरेच घड्याळजी तिथे आपली खूण करून ठेवतात, साल आणि स्वतःपुरता एखादा संकेत. अशा तीन खुणा होत्या. दोन एका वळणाच्या अक्षरात: ७४ आणि ७९. तिसरी वेगळ्याच हाताची, तिरकी, घाईची: ६८. ७४ आणि ७९ काकांच्या काळातल्या. ६८ साहेबांच्या. मग प्रश्न आला, की ती गोल चावी कधी बसली? चौऱ्याहत्तरच्या सुमाराला बसली असेल तर ती काकांची. अडुसष्टला बसली असेल तर काकांना घड्याळ मिळालं तेव्हाच ती गोल होती, आणि मी ज्या चावीला काकांची म्हणून धरून बसले होते ती मुळात त्यांना मिळालेल्या भेटीचा भाग. घड्याळजींना विचारलं. त्यांनी चावी भिंगाखाली उलटसुलट केली आणि मान हलवली. दाते दोन माणसांच्या बोटांनी झिजलेत की एका, हे कुठलंच भिंग सांगत नाही. पदकाचंही तेच. तो घुमट सपाट करायला दोन मनगटं लागली असणार, त्यातला कितवा हिस्सा कुणाचा हे कसं काढणार?

इतके दिवस मला वाटत होतं, की निवड दोन गोष्टींमधली आहे: घड्याळ कारखान्याचं करायचं की काकांचं ठेवायचं. आता मधे एक तिसरा माणूस येऊन उभा राहिला होता, ज्याचा चेहराही मला माहीत नाही.

जुनं घड्याळ दुरुस्त करताना सगळ्यात जास्त नुकसान होतं ते उत्साहाने. केस चकचकीत करून घ्यावीशी वाटते. पॉलिशचं चाक फिरतं आणि शिंगांच्या धारदार कडा, ज्यांच्यासाठी कुणी कारागीर राबला होता, त्या साबणाच्या वडीसारख्या गोल होऊन बसतात. गेलेला धातू परत येत नाही. तबकडी नवी रंगवून मिळते, स्वस्तात मिळते, आणि त्या क्षणी घड्याळाचा चेहरा कायमचा जातो. मी हे ठाम मत म्हणून सांगते: तबकडी डागाळली म्हणून रंगवू नये. काटे, तबकडी, केसच्या कडा, पाठीवरचं पदक, जे जे डोळ्यांना दिसतं ते शक्य तितकं आहे तसं असू द्यावं. झिजलेल्या पदकाचं झाकण बदलून कोरं झाकण मिळू शकतं, असं घड्याळजींनी प्रामाणिकपणे सांगितलं. मी नको म्हटलं. त्या सपाट घुमटात दोन माणसांची कितीतरी वर्षं आहेत, आणि नव्या धारदार ताऱ्यांत एकाही माणसाचा दिवस नाही.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा, कारण वारशाच्या घड्याळांत हे बऱ्याचदा आढळतं. काट्यांवर किंवा आकड्यांवर अंधारात चमकणारा रंग लावलेला असेल आणि घड्याळ साठीच्या दशकाच्या सुरुवातीचं किंवा त्याआधीचं असेल, तर तो रंग खरोखरच रेडियमचा असू शकतो. तो आता चमकत नाही म्हणून संपला असं नाही. संपतो तो प्रकाश देणारा भाग. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं. बंद काचेआड ते घड्याळ ठेवणं वेगळं आणि घरच्या टेबलावर काच काढून तो भुगा झालेला रंग खरवडणं वेगळं. तो भुगा श्वासात जाता कामा नये. पुढे ट्रिशियम आलं, त्याचं अर्धायुष्य बारा वर्षांच्या थोडं वर; अशा तबकडीवर खाली 'स्विस'च्या आजूबाजूला इंग्रजी 'टी' दिसतो. आमच्या घड्याळाला असा रंग नाहीच, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

मशीनच्या बाबतीत माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. तिथे भावनेला जागा नाही. दिवसाला पावणेपाच लाखांवर ठोके पडतात, आणि बॅलन्स व्हीलचा आस ज्या टोकांवर डोलतो ती टोकं साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीची. ती टोकं लाल माणकांच्या भोकांत फिरतात. ही माणकं खाणीतली नव्हेत. व्हर्नॉय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ज्वाळेत वितळवून माणिक बनवायची पद्धत १९०२ साली जाहीर केली, आणि ज्वेल सगळ्या घड्याळांना परवडायला लागले. त्यांचं काम शोभेचं नाही, घर्षण कमी करण्याचं. पण माणकाच्या त्या वाटीत थेंबाचाही अंश म्हणावं एवढं तेल लागतं, आणि तेल म्हातारं होतं. घड्याळजींनी मशीन सुटं केलं तेव्हा मी समोर बसले होते. एकेक चाक उचलून ते झाकणीखाली ठेवत होते, आणि काही ज्वेलच्या भोवती मला मधाच्या रंगाचा, वाळून कडक झालेला कडा दिसला. ते ७९ सालचं तेल. ते धुतलं जाणार याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळाला चालवणारी स्प्रिंग, नवी आली. पाळ्याचा आस नवा आला. सगळी चाकं धुऊन निघाली, जागच्या जागी वेगवेगळं तेल पडलं. जोराच्या, सावकाश चाकांना जाड, चपळ टोकांना पातळ. काच मूळचीच राहिली. प्लास्टिकची आहे, त्यामुळे चरे घासून निघाले, आणि मधोमध, तिरक्या उजेडातच दिसेल असं ओमेगाचं इवलं चिन्ह तिच्यात कायम आहे. मग घड्याळ ठोके मोजायच्या यंत्रावर ठेवलं. आल्या वेळी बॅलन्स व्हीलचा झोका कसाबसा १८० अंशांच्या आसपास भरत होता, पडद्यावर रेषांऐवजी विस्कटलेले ठिपके होते. आता तो पावणेतीनशेच्या पुढे गेला आणि दोन रेषा एकमेकींना जवळजवळ चिकटून निघाल्या. दिवसाला आठ-नऊ सेकंद पुढे. दिवसाचे ८६,४०० सेकंद; म्हणजे दहा हजारांत एकाची चूक. साठीच्या घरातल्या यंत्राची. काकांना हे चाललं असतं का? दहा मिनिटं मागे पडणारं चाललं नाही, पण आठ सेकंद पुढे धावणारं त्यांना नक्की आवडलं असतं.

चावीचं राहिलंच होतं. त्याचा निर्णय शेवटी त्या तपकिरी ठिपक्यांनी केला. चावीच्या आत एक छोटी रबरी कडी असते, ती ओल आणि धूळ बाहेर ठेवते. गोल चावी या केससाठी बनलेली नव्हती. तिच्या आत कडी होती पण ती नळीवर नीट बसत नव्हती. तिथून वर्षानुवर्षं दमट हवा आत जात राहिली, म्हणून डाग बरोबर तीनच्या बाजूला. ज्या चावीवर माझा जीव होता तीच घड्याळाला आजारी पाडत होती. खणात पडून राहायचं असतं तर तीही चालली असती. पण खणात ठेवलेलं घड्याळही सुरक्षित नसतं, तेल तिथेही वाळतं, हे या घड्याळाने दाखवलंच होतं. आणि मला ते घालायचं होतं. पस्तीस मिलिमीटरच्या आतबाहेरचं, आजच्या पुरुषांना लहान वाटणारं ते घड्याळ माझ्या मनगटावर अगदी बेताचं बसतं. दहा कडांची चावी बसवा, म्हणून मी कळवलं. बसल्यावर ती बोटांना परकी लागली, अजूनही लागते. कडा टोचतात. करर्र आवाज तोच आहे, तो मशीनचा आहे, पण बोटाखालचा पृष्ठभाग दुसऱ्या कुणाचा तरी आहे, आणि तो काकांच्याही आधीचा, साहेबांनी कदाचित नवं घड्याळ हातात घेतलं त्या दिवशीचा असेल, या विचाराने मी स्वतःची समजूत घालते. दर वेळी पटतेच असं नाही.

काढलेले सगळे भाग मी मागून घेतले. हे प्रत्येकाने करावं, दुरुस्ती कुणाकडेही दिलीत तरी. गोल चावी, जुनी मेनस्प्रिंग, झिजलेला आस, फाटका पट्टा, सगळं एका पाकिटात. सोबत एक कागद: काय बदललं, कधी, का, काय मुद्दाम बदललं नाही. पुढे ज्याच्या हातात हे जाईल त्याला माझा निर्णय चुकीचा वाटला, तर त्याला तो मागे फिरवता आला पाहिजे. गोल चावी पुन्हा बसवावीशी वाटली तर ती सापडली पाहिजे. झाकणात घड्याळजींनी आपली खूण आणि साल ओरखडलं, तिसऱ्या हाताचं, बारीक आणि सरळ.

कागद काकूला वाचून दाखवला. तिने चष्मा लावून तो स्वतः पुन्हा वाचला आणि म्हणाली, यात घड्याळाचं सगळं आहे, माणसांचं काहीच नाही. मग तिने सांगितलं आणि मी लिहिलं. साहेबांचं नाव आणि निरोपाचं साल. काका रोज सकाळी निघताना आधी चष्मा, मग घड्याळ, मग पेन अशा क्रमाने वस्तू घ्यायचे ते. "आणि उजव्या हातात घालायचे," ती म्हणाली. "ते लिही. साहेब उजव्या हातात घालायचे म्हणून हेही. डावखुरे दोघंही नव्हते." मी ते लिहिलं, आणि त्याच्याखाली पुढच्या तेलपाण्याचं साल.